तक्रारींच्या रकान्यात शून्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त जिल्हा न्यायाधीश माननीय बापूसाहेब. व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण एवढ्या उन्हात जमलो ते सत्कारमूर्ती, आपल्या उन्हाळी अभ्यासक्रमाचे संचालक डॉ. श्रेयस धर्माधिकारी, अमरावती आणि अकोल्याच्या न्यायालयांतले माझे व्यवसायबंधू आणि भगिनी, यंदाचे प्रशिक्षणार्थी, आणि कूलरसमोरच्या खुर्च्या पटकावून बसलेले सर्व सुज्ञ श्रोतेहो,

सूत्रसंचालक बाईंनी माझी ओळख 'परखड वक्ते ॲडव्होकेट किशोर महल्ले' अशी करून दिली. वकिलाला परखड म्हणायचं म्हणजे याचे खटले फारसे जिंकले जात नाहीत हे सभ्यपणे सांगायचं. तेही खरंच आहे. अकोल्याच्या कोर्टात एकतीस वर्षं झाली मला.

गेल्या आठवड्यात बापूसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "किशोर, श्रेयस बंगळूरला चालला. निरोपाचं तू बोल. पाच मिनिटं. चांगलं बोल."

मी विचारलं, "चांगलं म्हणजे?"

ते म्हणाले, "चांगलं म्हणजे चांगलं. उलटतपासणी नको."

बापूसाहेब, मी कुणालाही प्रश्न विचारणार नाही. फक्त जे घडलं ते सांगणार आहे. पाच मिनिटांत ते होणार नाही, त्याबद्दल आधीच कबुली देतो.

सुरुवातीला दोन विनंत्या. हा कार्यक्रम आपल्या संस्थेच्या, म्हणजे प्रबोधिनीच्या, समाजमाध्यमावरच्या पानावर थेट दाखवला जात होता, तो माझ्या भाषणापुरता बंद करायला मी मघाशी सांगितलं. बंद झालाय ना? ठीक. दुसरी विनंती, ज्यांचे फोन हातात आहेत त्यांनी ते खिशात ठेवावेत. मी ज्या मायलेकींबद्दल बोलणार आहे, त्यांना विचारून बोलतो आहे. त्यांनी या दोन अटी घातल्या. आईला मी मनकर्णाबाई म्हणेन आणि मुलीला आकांक्षा. ही त्यांची नावं नव्हेत. गावही सांगणार नाही.

तर आपला अभ्यासक्रम. 'ऑनलाइन मंचांचे नियमन : व्यावसायिकांसाठी तीन आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम.' मे महिना, अमरावतीच्या राजापेठेतली ही इमारत, दुसरा मजला, चाळीस प्रशिक्षणार्थी. वकील होते, पोलीस खात्यातले होते, दोन-तीन पत्रकार होते, प्राध्यापक होते. डॉ. धर्माधिकारींनी हा अभ्यासक्रम एकहाती उभा केला, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्यांची माहितीपुस्तिका काय देखणी होती. गुळगुळीत कागद, रंगीत आकृत्या. तिच्यात 'वापरकर्त्याची प्रतिष्ठा' हा शब्द सतरा वेळा आला आहे. मी मोजला. वापरकर्ता कोण, हे मात्र एकदाही सांगितलेलं नाही. संमती या विषयावरची दोन व्याख्यानं माझ्याकडे होती. ती चांगली झाली, टाळ्या पडल्या. माझीही लायकी पुढे कळेलच, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवतो.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी आपण दर्यापूरला तक्रार शिबिर घेतलं. कल्पना डॉक्टरसाहेबांचीच. लोकांनी यावं, मोबाइलवर, इंटरनेटवर झालेला त्रास सांगावा, प्रशिक्षणार्थींनी ऐकावा, कायदेशीर वाट दाखवावी. कल्पना उत्तम होती. जाण्यासाठी प्रबोधिनीची बस होती, जेवणाला झुणका-भाकर होती, आणि चित्रीकरणाला कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्याबद्दल आमच्यापैकी कुणी काही विचारलं नाही. अभिलेखासाठी असेल, असं मी समजलो.

मनकर्णाबाई अकराच्या सुमारास आल्या. जवळच्याच खेड्यातून, शेअर जीपनं. साठीला आलेली शेतकरी बाई. पदर घट्ट, आवाज खणखणीत. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माह्या पोरीचा फोटो लावून कोनं तरी खोटं खातं काढलं. तिच्या नावानं पोरायले मेसेज करून राह्यला. तिले सांगितलं नाई मी इथं आली म्हनून. ही गोष्ट इथंच राहीन ना जी?"

डॉक्टरसाहेब स्वतः समोर बसले होते. त्यांनी टेबलावरून पुढे वाकून, अतिशय मायेनं सांगितलं, "मावशी, निर्धास्त बोला. इथली गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. मी शेजारच्या खुर्चीवर होतो.

मग बाई बोलल्या. मुलगी आकांक्षा एम.एस्सी. झालेली. राजापेठेतच एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायची. दोन वर्षांत तिचं नाव झालं होतं. तिच्या तासाला मुलं जिन्यात उभी राहायची म्हणे. आणि हे खोटं खातं. कंपनीला तीनदा कळवलं, तीनदा उत्तर आलं की आमच्या नियमांचा भंग झालेला दिसत नाही. हे सांगता सांगता बाईंचा पारा चढला. त्या म्हणाल्या, "त्या कंपनीवाल्यायले सांगा, मी तिची माय आहो. मले इचारल्याबिगर माह्या पोरीचा फोटो तुमी कायले ठेवून राह्यले?"

खोलीत काही जण हसले. बाईंचा ठसका तसा होता. मीही हसलो. पण त्यांचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनं अगदी बरोबर होता. तीन आठवड्यांत चाळीस जणांपैकी एकानंही तो इतक्या कमी शब्दांत मांडला नव्हता.

मी त्यांना माझं कार्ड दिलं. म्हटलं, काही लागलं तर फोन करा. वकिलाला कार्ड द्यायची सवय असते. फोन आला तर काय करायचं याची नसते.

शुक्रवारी आपल्या प्रबोधिनीच्या पानावर एक रील आलं. चाळीस सेकंदांचं. बाईंचा चेहरा धूसर केलेला होता, नाव नव्हतं. आवाज मात्र त्यांचाच. खाली 'दर्यापूर तालुक्यातील एक माता' असं लिहिलेलं. मुलगी अमरावतीला क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते, हे वाक्य तसंच ठेवलेलं. आणि शेवटी 'कायले ठेवून राह्यले' हे तीनदा, ढोलकीच्या तालावर.

सभागृहात ज्यांनी ते पाहिलं ते माना खाली घालून बसले आहेत. मला तुमची संख्या दिसते आहे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी शोधू नये.

दोन दिवसांत ते दोन लाखांवर लोकांनी पाहिलं. प्रबोधिनीच्या पंचवीस वर्षांच्या कार्याकडे एवढ्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. शिक्षकांच्या गटात, वकिलांच्या गटात, लग्नघरात, सगळीकडे ते फिरलं. गावात तर पहिल्या तासाभरातच कळलं. ज्या बाईचा आवाज अख्खं गाव तीस वर्षं ऐकत आलं, तिचा चेहरा धूसर करून काय झाकलं तुम्ही? आणि बारावीच्या मुलांना काय, अमरावतीत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या दर्यापूरकडच्या मॅडम किती असतील हे हुडकायला पाच मिनिटं पुरली. ज्यांना खोट्या खात्याची गंधवार्ता नव्हती, त्यांनीही ते खातं शोधून उघडलं. म्हणजे आकांक्षाच्या बदनामीला जो प्रेक्षक त्या भामट्याला मिळवता आला नव्हता, तो आपल्या नियमन अभ्यासक्रमानं मिळवून दिला.

शनिवारी सकाळी मनकर्णाबाईंचा मला फोन आला. ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, पोरगी बोलून नाई राह्यली माह्यासंगं. तुमी म्हने खोलीबाहेर जानार नाई. काढाले लावा न ते."

मी म्हटलं, "बोलतो मी. आजच बोलतो."

आणि बोललोही. डॉक्टरसाहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे समजावलं. "सर, चेहरा धूसर आहे, नाव नाही. ओळख उघड केलेली नाही. कायदेशीरदृष्ट्या आपण सुरक्षित आहोत. शिवाय पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात लोकांपर्यंतची पोच दाखवावी लागते. हे आपलं सर्वांत यशस्वी काम आहे. बाईंना काही आक्षेप असेल तर त्यांनी त्या मंचाकडे रीतसर तक्रार नोंदवावी. आपण शिकवतो तीच प्रक्रिया आहे."

एकतीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला यावर काय सुचायला हवं होतं? पान आपलं, कॅमेरा आपला, रील चढवणारं बोट आपलं, आणि ते उतरवायचं बटण डॉक्टरसाहेबांच्या खिशात. त्यात कंपनी कुठे आली, मंच कुठे आला, प्रक्रिया कुठे आली? हे मला सुचलं नाही असं नाही. पण मी "बरं" म्हणालो. मग पातूरला नात्यातलं लग्न होतं, तिकडे गेलो. बाईंना उलट फोन केला नाही. सोमवारी केला नाही, मंगळवारी केला नाही.

सोमवारी आकांक्षाला क्लासच्या मालकांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, चार-आठ दिवस येऊ नका. पालकांचे फोन येऊन राहिले. वातावरण शांत होऊ द्या." ती घरी गेली. आईशी बोलायची नाही. जेवण वेगळं घेऊन बसायची. हे मला पुढे कळलं.

गुरुवारी मनकर्णाबाई स्वतः इथे आल्या. बसनं अमरावतीला, तिथून विचारत विचारत राजापेठेत. दुपारचे अडीच वाजले होते. वर्गात डॉक्टरसाहेबांचं व्याख्यान सुरू होतं. विषय होता, विसरले जाण्याचा हक्क, म्हणजे इंटरनेटवरून स्वतःबद्दलचा मजकूर काढून घेण्याचा हक्क. मी मागच्या बाकावर होतो, कारण पुढचा तास माझा होता.

बाई दारात उभ्या राहिल्या. चप्पल बाहेर काढून ठेवली होती. म्हणाल्या, "साहेब, ते काढा."

डॉक्टरसाहेबांनी ओळखलं. म्हणाले, "मावशी, वर्ग सुरू आहे. आपण कार्यालयात बसा, चहा घ्या. तिथे तक्रारीचा नमुना आहे, तो भरून द्या. आम्ही नियमानुसार विचार करू."

"मले लिहिता येत नाई."

"कुणीतरी भरून देईल."

"सहा दिस झाले. तुमचाच फोन हाय, तुमचंच बोट हाय. नमुना कायले भरू?"

वर्गात कुणी हसलं नाही. डॉक्टरसाहेब प्रशिक्षणार्थींकडे वळले आणि खरोखर, मी शपथेवर सांगतो, ते म्हणाले, "पाहा, हे एक जिवंत उदाहरण आहे. भावनिक दबावाखाली मजकूर काढून टाकणं म्हणजे अभिव्यक्तीवर अंकुश ठरू शकतो. याचा समतोल कसा साधाल?"

चाळीस जण वहीत लिहू लागले. समतोल.

चाळीस म्हणजे एकोणचाळीस. पातूरचे तरुण वकील नितेश ढोकणे लिहीत नव्हते. प्रबोधिनीचं पान सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. रील मात्र त्यांनी चढवलं नव्हतं, ते डॉक्टरसाहेबांनी स्वतः चढवलं होतं. नितेशनं फोन काढला, दोनदा बोट लावलं आणि उभा राहिला.

"सर, काढलं."

"कोणाच्या परवानगीनं?"

"ज्यांचा आवाज होता त्यांच्या."

मग तो दारापाशी गेला आणि बाईंना म्हणाला, "मावशी, आपल्या पानावरचं गेलं. पन लोकायनं उतरवून घेतलं असन. ते किती ठिकानी हाय ते मले पाहा लागन. बसा इथं."

बाई बसल्या. वर्गात, खाली, भिंतीला टेकून. डॉक्टरसाहेबांनी व्याख्यान तिथून पुढे चालू केलं. मी माझ्या बाकावरच होतो. उठलो नाही.

नितेश आणि आणखी तिघं पुढचे दोन दिवस वर्गाला आले नाहीत. कार्यालयाच्या बाजूच्या खोलीत बसून त्यांनी त्या रीलच्या एक्केचाळीस प्रती शोधल्या. एकेका प्रतीसाठी अर्ज, पुरावा, पाठपुरावा. आकांक्षाला नितेशनं आधी फोन करून विचारलं, तुमच्या नावानं अर्ज करू का. ती म्हणाली, "सर, मला विचारणारे तुम्ही पहिले." तिनं सगळे कागद पाठवले. एक्केचाळीसपैकी अडतीस प्रती निघाल्या. तीन अजून आहेत. खोट्या खात्याची तक्रार त्यांनी पोलिसांच्या सायबर ठाण्यात तिच्यासोबत जाऊन नोंदवली. ते खातं पाच दिवसांत बंद झालं. म्हणजे आपल्या अभ्यासक्रमात जे शिकवलं जातं ते चालतं बरं का. ते कुणीतरी करावं लागतं, एवढंच.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रमाणपत्रं वाटली गेली. एकोणचाळीस. नितेश ढोकणे यांना 'संस्थेच्या मालमत्तेत अनधिकृत हस्तक्षेप आणि अपुरी उपस्थिती' या कारणानं दिलं गेलं नाही. त्यांच्यासोबतच्या तिघांना मिळालं, कारण त्यांनी लेखी दिलगिरी दिली. नितेशला विचारलं तर म्हणाला, "सर, दिलगिरी कशाची लिहू, ते सुचलंच नाही."

मनकर्णाबाईंनाही एक प्रमाणपत्र गेलं. हे बापूसाहेबांना माहीत नसेल. टपालानं गेलं. इंग्रजीत होतं, सोनेरी किनार होती. 'समाज सहभागी' म्हणून त्यांचे आभार मानलेले होते. आणि त्यावर त्यांचं खरं, पूर्ण नाव छापलेलं होतं. ज्या बाईचं नाव गुप्त ठेवल्याचा दाखला आपण सहा दिवस देत होतो, तिचं नाव पोस्टमननं पारावर मोठ्यानं वाचलं. त्यांनी ते माझ्याकडे आणलं. म्हणाल्या, "हे कायचं हाय?" मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वापस धाडा." मी परत पाठवलं. त्याची पोच माझ्याकडे आहे.

आकांक्षाला त्या क्लासनं परत बोलावलं नाही. ती आता दुसऱ्या एका ठिकाणी शिकवते, लहान क्लास आहे, आठवी-नववीची मुलं. आईशी बोलते. पूर्वीसारखं नाही, पण बोलते.

आता सत्कारमूर्तींबद्दल. डॉ. श्रेयस धर्माधिकारी बंगळूरला अशाच एका मोठ्या ऑनलाइन मंचाच्या कार्यालयात रुजू होत आहेत. 'वापरकर्ता विश्वास' नावाच्या विभागाचे प्रमुख म्हणून. निवडीच्या वेळी त्यांनी आपल्या अभ्यासक्रमाचा अहवाल सादर केला. त्याची प्रत आज प्रत्येक खुर्चीवर ठेवली आहे. पान क्रमांक नऊ उघडावं. लोकांपर्यंतची पोच : दोन लाख सोळा हजार. अभ्यासक्रमाविरुद्ध आलेल्या तक्रारी : शून्य.

मला हे शून्य समजतं. नमुना भरला गेला नाही, म्हणून तक्रार झाली नाही. बाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून तक्रार झाली नाही. त्या दारात अनवाणी उभ्या राहिल्या, पण दारात उभं राहण्याचा रकाना त्या तक्त्यात नाही. डॉक्टरसाहेब खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. एवढं धाडस त्यांच्यात कधीच नव्हतं. ते फक्त जे सोयीचं असेल तेवढंच खरं मानतात, आणि अशा माणसांना मोठ्या कार्यालयांत फार मागणी असते. उद्या कुणाची तरी माय तीनदा कळवेल आणि तीनदा उत्तर जाईल की आमच्या नियमांचा भंग झालेला दिसत नाही. त्या उत्तराखाली सही कुणाची असेल, ते आज आपण शाल-श्रीफळ देऊन ठरवतो आहोत.

मी आकांक्षाला म्हटलं होतं, आपण संस्थेवर दावा लावू. मी फुकट लढतो. तिनं नाही म्हटलं. "दाव्यात परत तेच लागणार, सर. परत तोच आवाज, परत तेच नाव. मला ते नको." मी वाद घातला नाही. तिच्या वतीनं ठरवणारे बरेच झाले होते.

तिनं एवढंच मान्य केलं की मी हे आज इथे सांगावं. हे भाषण तिनं वाचलं आहे. एक परिच्छेद तिनं खोडला. तो माझ्या मते सर्वांत चांगला होता. तो मी वाचणार नाही.

बापूसाहेब, आपण अध्यक्ष आहात आणि आयुष्यभर न्याय केला आहे, म्हणून दोन गोष्टी मागतो. अहवाल छापलेला असला तरी चूक दुरुस्त करता येते. पान नऊवरचं शून्य खोडून तिथे एक लिहावं, आणि आजच्या इतिवृत्तात ते नोंदवावं. आणि नितेश ढोकणे यांचं प्रमाणपत्र. ते इथे मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांना ते नको आहे, हे मला माहीत आहे. पण ते न देणाऱ्यांच्या यादीत माझं नाव राहू नये, म्हणून मागतो. ते मिळेपर्यंत या अभ्यासक्रमात मी शिकवणार नाही. संमती या विषयावर तर कुठेच नाही.

आयोजकांचे आभार. ज्यांनी मला इथे बोलावलं त्यांचे आभार, आणि ज्यांनी मधूनच ध्वनिक्षेपक बंद केला नाही त्यांचे विशेष आभार. डॉक्टरसाहेब, आपल्याला प्रवासाच्या शुभेच्छा. त्या पलीकडच्या शुभेच्छा देणं मला जमत नाही.

राहता राहिली क्षमायाचना. बोलण्याच्या ओघात काही उणं-अधिक झालं असेल तर आपण सर्वांनी ते पोटात घालावं, अशी विनंती करण्याची पद्धत आहे, ती मी पाळतो. आपण ते घालाल याची मला खात्री आहे, कारण याहून पुष्कळ मोठं आपण पोटात घातलेलं आहे. खरी माफी मागायला मी परवा मनकर्णाबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, ओसरीवर सतरंजी टाकली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, तुमी मानूस चांगले आहा. पन कामाचे नाई." आणि कप उचलून आत गेल्या.

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

नमस्कार.